तीन माड उंच

माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला मालवणाकडे पाडेली म्हणतात, आणि तळेवाडीत पाडेली म्हटलं की सत्यवान. बत्तीस वर्षांत त्याने किती माड चढले याची गणती त्यानेही ठेवली नाही आणि वाडीनेही नाही. पण एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सत्यवान एक तर बुंध्याशी असायचा, नाही तर शेंड्यावर. अध्येमध्ये चिकटून बसलेला सत्यवान कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे मे महिन्यातल्या लागोपाठ दोन सोमवारी तो टॉवरवर अर्ध्यात अडकला आणि तसाच खाली उतरला, तेव्हा वाडीला बोलायला विषय मिळाला. आणि विषय मिळाला की तळेवाडीला जेवणाचीसुद्धा शुद्ध राहत नाही.

टॉवर म्हणजे मोबाइलचा नव्हे. मोबाइलचा असता तर वाडीने त्याला हार घातला असता. तो डोंगरापलीकडे आहे, आणि वाडी डोंगराच्या अलीकडे खोलगटात. त्यामुळे इथे प्रत्येक घराची रेंज मिळण्याची एक जागा ठरलेली असते. कुणाची दगडी गडग्यावर, कुणाची पेरूच्या फांदीवर. बोलता बोलता आवाज तुटला की माणूस न थांबता, न बघता, जे काही उंच हाताशी असेल त्यावर चढतो. लहान मुलं चालायला शिकतात तशी इथली माणसं हे शिकलेली आहेत.

हा टॉवर हवामानाचा. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने तो सुरूच्या बनामागे उभा केला होता. पन्नास मीटर उंच, म्हणजे तीन माड एकावर एक. दर दहा मीटरवर एक टप्पा, टप्प्याटप्प्यावर बाहेर काढलेल्या लोखंडी दांड्या आणि त्यांवर वारा, ऊन, दमटपणा मोजणारी यंत्रं. समुद्रावरचा वारा जमिनीवर आला की उंचीप्रमाणे कसा बदलतो, याचा अभ्यास. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्याने यंत्रांवर मिठाचा थर बसे, आणि तो दर आठवड्याला वर जाऊन पुसायला संस्थेला गावातलाच माणूस हवा होता.

हे सांगायला संस्थेच्या इशिता मॅडम ग्रामपंचायतीत आल्या, तेव्हा मागच्या बाकावरून सत्यवान उठला.

"मॅडम, माडार चढताना मुंगळे चावतत, झावळां तोंडार येतत. ह्येका तर देवाच्या दयेन शिडी आसा. तंबाखू चोळीत चढान!"

सभेने टाळ्या वाजवल्या. पहिल्या बाकावर बसलेल्या गुरुप्रसाद चहावाल्याने वाजवल्या नाहीत, कारण तो ते वाक्य पाठ करत होता.

दोन दिवसांचं शिक्षण झालं. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन आकडे, आणि दोहोंपैकी एक तरी आकडा कायम लोखंडात अडकलेला हवा. हे सगळं खालच्या दोन टप्प्यांवर शिकवलं. वरचे तीन टप्पे शिकवणाऱ्याने जमिनीवरूनच बोटाने दाखवले आणि सांगितलं, "वरपण असंच आहे, फक्त जास्त आहे."

वर तसं नाही, हे सत्यवानाला पहिल्याच सोमवारी कळलं. वीस मीटरपर्यंत माडांचे शेंडे सोबतीला होते. त्याच्यावर चार पायऱ्या टाकल्या आणि शेंडे खाली गेले. जन्मभर जे डोक्यावर पाहिलं होतं ते पायाखाली दिसायला लागलं, आणि बत्तीस वर्षांत ज्याने कधी कुरकुर केली नव्हती तो पाय पुढच्या पायरीवर जाईना. त्याने शिडीला मिठी मारली, डोळे मिटले, मग एकेक पायरी चाचपत खाली आला. "वारो लय होतो," त्याने सांगितलं. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, त्याच पायरीवर. त्या दिवशी त्याने सांगितलं की वर घार चोच मारायला येते. घार खरंच घिरट्या घालत होती, पण ती तीस मीटर वर, आपल्या कामात होती. सत्यवानाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट मन मोकळं करून सांगावी अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची बायको सावित्री. आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती.

सत्यवान आणि सावित्री ही नावं दोघांना जन्मापासूनची. कुणी जुळवून ठेवली नव्हती. तरी वाडीला आयुष्यभर पुरेल एवढी चेष्टा आयती मिळाली, आणि वटपौर्णिमेच्या दिवशी दोघांनाही रस्त्याने जायची सोय उरली नाही. संसार मात्र नेटका. सत्यवान वर आणि सावित्री खाली. तो नारळ पाडी, ती गोळा करी, आणि गोळा करताना तिचं तोंड क्षणभर बंद नसे. डावीकडचा घड राहिला, बांबर्डेकरांच्या सुनेला दिवस गेले, आज तांदूळ निवडताना खडेच जास्त निघाले, उजवीकडची झावळ सुकली ती तोडा. वरून हूं मिळो न मिळो, तिचं चालूच. माडाचे मालक म्हणायचे, सत्यवान उगाच कोयता नेतो, नारळ हिच्या बोलण्यानेच पडतात.

गेल्या दिवाळीत एका ओल्या माडावरून सत्यवान घसरला. फार उंचावरून नाही, पण खांदा निखळला. सावित्रीने त्याला हात गळ्यात बांधलेला असतानाच सातेरीच्या देवळात उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, की यापुढे माड चढणार नाही. त्याने ती पाळली. पण सहा महिने जमिनीवर राहून त्याला आपण बुटके झालो आहोत असं वाटायला लागलं. वरून अख्खी वाडी पाहिलेल्या माणसाला आता समोरचा गडगा तेवढा दिसे. त्याचं त्याला फार वाईट वाटे, आणि हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं. म्हणून पंचायतीत टॉवरचं नाव निघताच त्याचा हात आपोआप वर गेला.

घरी आल्यावर त्याने सावित्रीला समजावलं होतं. "शप्पत माडाची घेतलली. टॉवराची नाय."

"सातेरी म्हंजे काय कोर्ट वाटला तुमका?" सावित्री म्हणाली होती. "आणि माका एका शब्दान इचारलास?"

त्यानंतर अबोला. याआधीचा त्यांचा विक्रम दीड दिवसाचा. या वेळी बावीस दिवस झाले. घरातलं सगळं बोलणं मांजरीमार्फत चाले. "कोणाक जेवूचा आसात तर ताट वाढललां आसा," असं सावित्री मांजरीला सांगे, आणि "आमटीत मीठ कमी आसा म्हणान सांग," असं सत्यवान मांजरीला सांगे. मांजरी गाभण होती, तिला या निरोपांचा कंटाळा आला असावा. ती काल सकाळपासून दिसलीच नव्हती, त्यामुळे घरात आता सगळंच शांत झालं होतं.

अशा शांत घरातून सत्यवान तिसऱ्या सोमवारी टॉवरकडे निघाला. आज इशिता मॅडम स्वतः आल्या होत्या. त्यांच्या लॅपटॉपवर पाच रेघा असायच्या, पाच टप्प्यांच्या वाऱ्याच्या. सगळ्यात वरची रेघ बारा दिवस जमिनीला टेकून आडवी पडली होती.

"काका, वरच्या वाटीचं चक्र फिरतच नाहीये," त्या म्हणाल्या. "काहीतरी अडकलंय. वरचा वारा नसेल तर खालच्या चारांना काही अर्थ राहत नाही. आज मोकळं झालं नाही तर मला बाहेरची टीम बोलवावी लागेल, आणि त्यांना वर्षभराचं काम हवंय. तुम्हाला जमणार नसेल तर आताच सांगा. त्यात कमीपणा काही नाही."

कमीपणा नाही हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की सत्यवानाचे कान तापले. कुंपणाबाहेर गुरुप्रसाद चहाची किटली घेऊन उभा होता. किटली निमित्ताला, तो ऐकायला आला होता.

"सत्या, तंबाखू घेतलंस मां रे?" त्याने विचारलं.

सत्यवान शिडीकडे वळला. त्याने पट्टा आवळला, पिवळं हेल्मेट घातलं, खांद्याच्या पट्टीत वॉकीटॉकी खोचली. कमरेला छोटा कोयता दोरीने बांधून घेतला. कोयत्याशिवाय वर जाणं त्याला कपड्यांशिवाय जाण्यासारखं वाटे. आणि डाव्या कानात इअरफोन घातला. लेकीने, सृष्टीने, दिलेला. डबलबारीचं भजन ऐकत गेलं तर धीर येईल, असं त्याने रात्री अंथरुणात ठरवलं होतं.

पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. यंत्रं पुसली. मग चार पायऱ्या, आणि पाचव्या पायरीला पाय थांबला.

भजनीबुवा कानात एकमेकांना सवाल टाकत होते. टाळ वाजत होते. काही उपयोग नव्हता. सत्यवानाने दोन्ही आकडे लोखंडात अडकवले आणि शिडीला कपाळ टेकलं.

"काका, काही त्रास होतोय का?" वॉकीटॉकी बोलली.

"नाय मॅडम. जरा दम खातो."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोखंड तापायला लागलं. आता खाली उतरायचं, पट्टा सोडून मॅडमच्या हातात द्यायचा आणि गुरुप्रसादच्या दुकानावरून न जाता शेतातून घरी जायचं, एवढंच त्याच्या मनात राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. घाम आहे म्हणून त्याने ते पुसलं, जरी तिथे बघायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात भजन तुटलं आणि कानात फोन वाजला. त्याने वायरीवरचं बटण दाबलं.

"खोपीची चावी खंय ठेवलास?"

बावीस दिवसांनी सावित्री त्याच्याशी थेट बोलली, ती खोपीच्या चावीबद्दल. खोप म्हणजे त्यांची मागच्या अंगणातली शाकारलेली झोपडी, अवजारं ठेवायची; आणि सोलां म्हणजे रातांब्याची सालं.

"काय?" सत्यवान म्हणाला.

"चावी ओ, चावी! सोलां सुकत घालूची आसत. मीठ खोपीत, खोपीक कुलूप. ऊन काय माझ्यासाठी थांबतला? तुमका मेलो काय..." आणि आवाज तुटला.

"हॅलो? हॅलो?" सत्यवानाने सवयीने आकडा सोडवला, वर अडकवला आणि दोन पायऱ्या चढला.

"...आयकतास मां?"

"आयकतंय गो. खुंटयेक नाय?"

"खुंटयेक नाय म्हणान तर इचारतंय! बावीस दिस तोंड बंद ठेवलंय ता काय हौस..." पुन्हा तुटला.

"थांब, जरा वर येतंय," सत्यवान म्हणाला आणि आणखी चार पायऱ्या वर गेला.

"आणि मांजरीक पिलां झाली. तीन."

"कधी?"

"काल. तुमच्या दोऱ्यांच्या टोपलेत."

"मगे माका सांगूक नको?"

"कोणाकडसून सांगतलंय? मांजरीकडसून?"

सत्यवानाला हसू आलं, आणि हसता हसता तो तिसरा टप्पा ओलांडून गेला. तिथलं यंत्र पुसायचं राहिलं, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. डोंगराचा खांदा आता खाली जात होता आणि सावित्रीचा आवाज पायरीगणिक स्वच्छ होत होता. सृष्टीचा पिंगुळीहून फोन आला होता, तिला फणसाची साठां, म्हणजे फणसपोळ्या, हवीत. गुरुप्रसादच्या रेड्याने पावट्याचा वाफा तुडवला आणि तो मेला चहाची किटली घेऊन गाव फिरतो. आणि पंपाला आवाज येतोय. सत्यवान हूं हूं करत होता, आकडा सोडवत होता, आकडा अडकवत होता.

"आणि माका न इचारता पंचायतीत हात वर केलास," सावित्रीने शेवटी मुद्द्याला हात घातला. "बत्तीस वर्षां तुमी वर आणि खाली कोण उभी रवली? गुरुप्रसाद?"

"नाय गो."

"मगे कोण?"

"तूच."

"मगे?"

"माझा चुकला," सत्यवान म्हणाला. मग ते पुरेसं झालं नाही असं वाटून तो मोठ्याने म्हणाला, "माझा चुकला गो सावित्री! तुका आधी इचारूक होया होता!"

खांद्याच्या पट्ट्याखाली वॉकीटॉकीचं बटण केव्हाचं दाबलं गेलं होतं आणि त्याच्या बाजूचं सगळं संभाषण खाली धडाधड ऐकू येत होतं, हे त्याला फार नंतर कळलं. इशिता मॅडम घाबरल्या होत्या, काकांना ऊन लागलं की काय. गुरुप्रसादने त्यांना चहा देऊन सांगितलं, "घाबरा नको मॅडम. घरचो फोन आसा."

सत्यवानाने पुढच्या पायरीसाठी हात वर केला. हाताला पायरी लागली नाही. त्याने पुन्हा चाचपलं. मग वर पाहिलं. वर नुसतं आकाश होतं.

त्याने दोन्ही आकडे लोखंडात अडकवले.

"पोचलास?" सावित्रीने हळू विचारलं.

सत्यवानाने खाली पाहिलं. सगळ्या तळेवाडीचे माड त्याच्या पायाखाली होते, शेंडे वारा लागून हलत होते. त्यांच्यापलीकडे खाडी, आणि सुरूच्या बनापुढे समुद्र. इतका समुद्र त्याने एका वेळी कधी पाहिला नव्हता. भीती वाटायला हवी होती. पण कानात सावित्री होती, आणि ती कानात असताना दुसरं काही वाटून घ्यायला त्याला बत्तीस वर्षांत कधी सवड झाली नव्हती. तेव्हा त्याला कळलं, की आपण एकही माड कधी एकट्याने चढलो नाही.

"सावित्री," तो म्हणाला, "माडांचे शेंडे वरसून दिसतत गो."

"आपला घर दिसता?"

"दिसता. विहीर दिसता. तू धुण्याच्या दगडार उभी आसस."

"मगे आता कामाक लागा," ती म्हणाली. "आणि बोलत रवा."

वाऱ्याच्या वाट्यांच्या दांड्याला हिरव्या नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला होता, मासेमारीच्या जाळ्याचा. घारीने तो घरट्यासाठी किनाऱ्यावरून उचलून आणला असणार आणि घरट्याची जागा चुकली असणार. सत्यवानाने कोयत्याच्या टोकाने एकेक धागा कापला, नारळाच्या घडाला लावायचा त्याच हलक्या हाताने. शेवटचा धागा सुटला आणि वाट्या गरगर फिरायला लागल्या. खाली लॅपटॉपवरची आडवी रेघ उठून उभी राहिली. इशिता मॅडम वॉकीटॉकीत काहीतरी ओरडल्या. सत्यवानाला ते ऐकू आलं नाही, सावित्री पंपाबद्दल बोलत होती.

उतरताना त्याने राहिलेली यंत्रंही पुसली. खाली गुरुप्रसादने न मागता चहा दिला, तंबाखूचं नाव काढलं नाही. इशिता मॅडमनी दोन्ही हातांनी त्याचा हात हलवला आणि मग पिशवीतून एक कागद काढला.

"काका, नियमाप्रमाणे चढणाऱ्यासाठी खाली एक माणूस कायम उभा हवा. आम्ही इतके दिवस ती जागा भरलीच नाही. दर सोमवारी येईल असं कुणी आहे का? इथे नाव लिहा." त्या किंचित हसल्या. "बोलणारं असलं तर उत्तम."

सत्यवानाने पेन हातात घेतलं. गुरुप्रसाद मान लांब करून बघत होता. नाव कुठलं ते साऱ्या वाडीला ठाऊक होतं. पण सत्यवानाने पेन परत दिलं, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"घरी नेऊन भरून आणतो, मॅडम," तो म्हणाला.

घरी आला तेव्हा सावित्री चुलीपाशी होती. अंगणात चटईवर सोलां पसरलेली होती, आमसुलं करायला मीठ लावून घातलेली. सत्यवान वाकला आणि त्याने एक सोल उचललं. ते काळपट झालं होतं, कडा कडक झाल्या होत्या. सोलांना असा रंग यायला दोन दिवसांचं ऊन लागतं, हे कोकणात सांगावं लागत नाही. म्हणजे मीठ परवाच लागलं होतं. त्याने आत पाहिलं. सावित्रीच्या कमरेला, पदराच्या गाठीत, खोपीची चावी लोंबत होती. आणि विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावरून टॉवर असा स्वच्छ दिसत होता, की वीस मीटरवर थांबून राहिलेला पिवळा ठिपका कुणालाही ओळखता आला असता.

त्याने सोल परत चटईवर ठेवलं.

"चावी गावली?" त्याने विचारलं.

"गावली," सावित्री मागे न बघता म्हणाली.

सत्यवानाने खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि तिच्यासमोर धरला. "दर सोमवारी खाली एक माणूस उभो होयो. हंय नाव लिवचा आसा. मी लिवूक नाय. आधी इचारूक इलंय."

सावित्रीने कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि भाकरी उलटवली.

"मांजरीक इचारा," ती म्हणाली.

सत्यवान खरंच उठला. कोपऱ्यात, खोपीतून आणून ठेवलेल्या दोऱ्यांच्या टोपलीत मांजरी तीन पिलांना पोटाशी घेऊन पडली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला, हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि पंचायतीत बोलायच्या आवाजात म्हणाला, "बाये, घरच्या मालकिणीक सांग, सत्यवान इचारता. तू खाली उभी रवतलंस तर मी वर चढान. नाय तर हो कागद चुलीत घालतंय, आणि हेल्मेटात तुझी पिलां ठेव."

मांजरीने डोळे मिटले. चुलीपाशी भाकरीचा वास सुटला होता.

"सोमवारी कितके वाजता?" सावित्रीने विचारलं.